बरणीतला गुन्हा

खोताच्या वाडीत एक आन्टी राहतात. त्यांचं नाव मी सांगणार नाही, घराची खूणही सांगणार नाही. कारण पुढे जे सांगणार आहे तो महाराष्ट्र राज्यात गुन्हा आहे.

आन्टी वाइन करतात. दरवर्षी, नाताळासाठी, काळ्या मनुकांची. आधी त्यांच्या सासूबाई करायच्या, सासूबाईंच्या आधी त्यांच्या सासूबाई. घरात तीन चिनीमातीच्या बरण्या आहेत, त्यातल्या एकीच्या काठाचा टवका उडालेला. सगळं मिळून पंधरा-सोळा बाटल्या होतात. सात-आठ घरात लागतात, चार-पाच नात्यात जातात, उरलेल्या आम्हा शेजाऱ्यांकडे. नाताळच्या सकाळी आमच्या चाळीत ताट यायचं: नेवऱ्या, कुलकुल, थाली स्वीटच्या वड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली. दिवाळीत आमच्याकडून चकल्या-करंज्यांचं ताट गेलेलं असायचं, त्याची ही परतफेड. आजी ती बाटली देवघरापासून लांब, मसाल्यांच्या फळीवर ठेवायची. पण ठेवायची. परत कधी पाठवली नाही.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी वाडीतल्या कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. घरी वाइन करणं बेकायदा आहे, तक्रार झाली तर धाड पडू शकते, रहिवाशांनी नोंद घ्यावी. कुणी लिहिला, कळलं नाही. धाड वगैरे काही पडली नाही. पण त्या रात्री आन्टींनी तिन्ही बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. सकाळी मी गेलो तेव्हा घरभर मनुकांचा आणि दालचिनीचा आंबूस-गोड वास होता आणि धुतलेल्या बरण्या ओटल्यावर पालथ्या घातलेल्या होत्या. "ह्या वयात पोलीस दारात नकोत रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मेसेज खोटा असणार. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बहुतेक असतात. घरी येऊन कायदा उघडून वाचला. मेसेज खरा होता.

कायदा १९४९चा. मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना तो आला आणि १९५०पासून प्रांतात पूर्ण दारूबंदी लागू झाली. साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली. परवाने आले, दुकानं आली, बार आले. कायदा मात्र तोच राहिला. त्याची रचना अशी की मुळात सगळंच बंद, सरकार ज्याला परवानगी देईल तेवढंच खुलं. म्हणून महाराष्ट्रात आजही नुसती दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? वर्षाचे शंभर रुपये, आयुष्यभराचे हजार. आणि हा परवाना, हसू नका, प्रकृती राखण्यासाठी दिला जातो. जिथे कधी गिरण्यांचे भोंगे वाजायचे त्या लोअर परळच्या बारमध्ये शनिवारी रात्री जी गर्दी असते, ती कागदोपत्री आपापल्या प्रकृतीच्या काळजीपोटी जमलेली असते.

याच कायद्यात परवान्याशिवाय कुठलंही मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगाची तरतूद आहे. किती केलं, कुणासाठी केलं, विकायला की घरात प्यायला, याने काही फरक पडत नाही. चर्चमधल्या मिस्सेला लागणाऱ्या वाइनची सोय या कायद्याने केलेली आहे. मिस्सा संपवून घरी आल्यावर टेबलावर ठेवायच्या वाइनची केलेली नाही. आन्टींच्या तीन बरण्या आणि खाडीकाठी पिंपांत उकळणारी हातभट्टी, दोन्हींकडे कायदा एकाच नजरेने बघतो.

हा कायदा झाला तेव्हाच एक मुंबईकर त्याविरुद्ध कोर्टात गेला होता. फ्राम नसरवानजी बलसारा हे त्यांचं नाव. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, ओ-द-कोलोन, औषधी वाइन हे सगळं घरात ठेवण्याचा आणि वापरण्याचा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५१ साली निकाल लागला. कोर्टाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं मात्र रद्द केली. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवतात. गिरगावच्या भाषेत सांगायचं तर कोलोन सुटलं, बरणी अडकली. पंचाहत्तर वर्षं होत आली, ती अजून अडकलेलीच आहे.

आता बरणीत नेमकं काय होतं ते बघू. कारण गुन्हा काय आहे ते कळल्याशिवाय गुन्हेगाराबद्दल मत बनवू नये.

किलोभर काळ्या मनुका धुऊन, कोरड्या करून, जाडसर चिरायच्या. त्यात साखर, उकळून गार केलेलं पाणी, दालचिनीचे तुकडे, चार लवंगा, मूठभर गहू आणि कोमट पाण्यात फुलवलेलं चमचाभर यीस्ट. बरणीच्या तोंडाला झाकण लावायचं नाही, स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. तो वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर बरणी फुटते. रोज सकाळी कोरड्या लाकडी डावाने ढवळायचं. डाव ओला असला की बुरशी धरते आणि सगळी मेहनत फुकट. एकवीस दिवस हे चालतं. आन्टी मधूनमधून बरणीला कान लावतात. आत बारीक फसफस ऐकू येत असेल तर काम चालू आहे. आवाज थांबला की मलमलच्या कापडातून गाळायचं. मग निवळू द्यायचं, त्यासाठी काही घरांत अंड्याचा पांढरा बलक घालतात. रंग फिका वाटला तर थोडी साखर काळपट होईपर्यंत जाळून घालायची. मग बाटल्या भरून अंधाऱ्या फळीवर नाताळची वाट बघत ठेवायच्या.

यातलं रसायनशास्त्र नाशिकच्या कुठल्याही वाइनरीत चालतं तेच आहे. फरक असा की तिथे स्टीलच्या टाक्या आहेत, तापमानाचे काटे आहेत, प्रयोगशाळा आहे. इथे कान आहे. हे शहाणपण कुठे लिहिलेलं नाही. एका बाईने दुसरीला बरणीजवळ उभं करून दिलेलं आहे. आन्टींना विचारा, साखर किती? त्या म्हणतील, मनुका चाखून बघ, मग ठरव. फेब्रुवारी-मार्चमध्ये भायखळ्याच्या बाजारात काळी द्राक्षं स्वस्त झाली की त्यांची वाइन, जूनमध्ये जांभळांची, अधूनमधून आल्याची. गावठाणातल्या आणि वाड्यांतल्या ईस्ट इंडियन घरांमध्ये अशी कृती घराघरागणिक वेगळी असते, जशी बॉटल मसाल्याची असते.

ईस्ट इंडियन म्हणजे कोण, हे शहराला नीट माहीत नाही, म्हणून दोन वाक्यं. हे इथलेच, मुंबई-वसई-ठाणे पट्ट्यातले लोक. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण घरात मराठी राहिली. नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी कळावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. टिळकांचे वकील आणि सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्यातलेच, माझगावच्या माथारपाखाडीचे. म्हणजे स्वराज्याच्या लढ्याला वकील पुरवणाऱ्या समाजाच्या स्वयंपाकघराला स्वराज्य आल्यावर तीन वर्षांत कायद्याने गुन्हेगार केलं.

हे सगळं एकवेळ समजून घेता आलं असतं, जर सरकार दारूबंदीवर खरोखर ठाम असतं. तसं ते नाही.

२००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनवर उत्पादन शुल्क माफ केलं. पुढे वाइनवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के उत्पादकांना परत देणारी योजना आली. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २०२२च्या डिसेंबरात ती कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. त्याच वर्षी २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेव्हाचा गदारोळ तुम्हाला आठवत असेल. वाइन म्हणजे दारू नव्हे, हे शेतकऱ्याच्या हिताचं आहे, असं सत्ताधारी सांगत होते. महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत, असं विरोधक म्हणत होते. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. टीव्हीवर आठवडाभर हेच चाललं.

त्या आठवडाभरात दोन्हींपैकी एकाही बाजूला बरणी आठवली नाही. वाइन दारू नसेल तर आन्टींचीही नाही. आणि असेल, तर टाक्यांमधली आधी येते, बरणीतली नंतर. तिसरा अर्थ एकच उरतो, तो म्हणजे वाइन दारू आहे की नाही हे करणाऱ्याच्या भांड्याच्या आकारावर ठरतं. मला नाशिकबद्दल आकस नाही. तिथल्या द्राक्षबागायतदारांना त्या उद्योगाचा आधार आहे. कारखान्याला सवलत द्या, माझं काही म्हणणं नाही. पण लाखो लिटर करणाऱ्याला सवलत आणि पंधरा बाटल्या करणारीला तुरुंगाची भीती, हे धोरण नव्हे. ही मोठ्या माणसाला दिलेली खुर्ची आहे.

यात आपणही आहोत. माझ्या वयाच्या, माझ्या ओळखीच्या किती तरी जणांनी वीकेंडला नाशिक गाठून द्राक्षांच्या वेलीपुढे फोटो काढलेत. मीही काढलाय. ग्लास गोल फिरवायचा, नाकाशी न्यायचा, ओक आणि बेरीचा वास आला असं म्हणायचं, हे आपण शिकलो. 'स्मॉल बॅच' आणि 'आर्टिसनल' हे शब्द वाचले की आपण जास्तीचे पैसे देतो. खरी छोटी बॅच गिरगाव चर्चपासून चालत पाच मिनिटांवर होती. तिला लेबल नव्हतं, म्हणून ती आपल्याला दिसली नाही. खोताच्या वाडीतही आपण गेलो, लाकडी जिने आणि रंगीत खिडक्यांपुढे रील केलं आणि निघालो. ज्या घराच्या भिंतीपुढे आपण उभे होतो, त्या घरात काय शिजतं, काय आंबतं, हे विचारलं नाही.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आधी घेतो.

घरी दारू करायला परवानगी दिली तर लोक मरतील. विक्रोळीत २००४ साली आणि मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत शंभराहून जास्त. त्या घरांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण ती माणसं वाइनने मेली नाहीत. असे बळी जातात ते दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. बरणीत मनुका आंबवताना कुणी मिथेनॉल घालत नाही. शिवाय आंबवण्याला निसर्गाचीच एक मर्यादा असते. अल्कोहोल चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्ट स्वतःच मरायला लागतं. त्यापुढे जायचं तर भट्टी लावून ऊर्ध्वपातन करावं लागतं. म्हणून आंबवणं आणि गाळणं यांत कायद्याने फरक करायला हवा. हातभट्टीवर धाड टाका, जरूर टाका. बरणी हातभट्टी नव्हे.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. दारूने महाराष्ट्रातल्या किती बायकांचे संसार मोडले ते आपण जाणतो. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांनी लढून मिळवली, आणि त्यात बायका पुढे होत्या. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. माझ्या वॉर्डात तसं मतदान झालं आणि मला मत असतं, तर मीही आडव्या बाटलीला दिलं असतं. पण आडवी बाटली असते दुकानाविरुद्ध. पगाराच्या दिवशी नवऱ्याला दारातून ओढून घेणाऱ्या गुत्त्याविरुद्ध. वर्षातून एकदा नाताळसाठी एका बाईने केलेली बरणी त्या रांगेत बसत नाही. उलट ही बायकांची विद्या आहे, बायकांनी राखलेली. तिच्यावर गुन्हा लावून कुठल्या बाईचा संसार वाचतो, ते कुणी मला सांगावं.

तिसरा आक्षेप सगळे करतात, ईस्ट इंडियन मित्रसुद्धा: सोड ना, सगळेच करतात, पकडतंय कोण? हाच आक्षेप मला सगळ्यात घातक वाटतो. न वापरलेला कायदा मेलेला नसतो, कपाटात ठेवलेला असतो. ज्याला हवा तो काढतो. पाण्याच्या नळावरून भांडलेला शेजारी काढतो. जागा रिकामी करून हवी असलेला माणूस काढतो. खोताच्या वाडीत एके काळी साठहून जास्त बंगले होते, आज त्यांच्या निम्मेही उरले नाहीत. जिथे एकेका घराखालच्या जमिनीवर कुणाची ना कुणाची नजर आहे, तिथे सत्तरीच्या बाईविरुद्ध एक तयार गुन्हा हाताशी ठेवणं साधी गोष्ट नाही. धाड पडली नाही तरी बरण्या मोरीत गेल्याच ना? पोलिसाला काही करावंच लागलं नाही. भीतीने सगळं काम केलं.

इतरांनी याची वाट काढली आहे. अमेरिकेने १९२० साली देशभर दारूबंदी केली, तीही आपल्यापेक्षा कडक गाजावाजा करून. पण तेव्हाही घरच्या वापरासाठी फळांचा रस करून ठेवण्याची पळवाट त्या कायद्यात होती. कुटुंबामागे वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. रस ठेवला की त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिथे घरी वाइन करणं उघडउघड कायदेशीर आहे. लांब कशाला, गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आसामातल्या दिमासा लोकांच्या जुदिमा या तांदळाच्या मद्याला २०२१ साली मिळालं. केरळात २०१९च्या डिसेंबरात अबकारी खात्याने घरगुती वाइनविरुद्ध इशारा काढला तेव्हा लोकांनी आवाज उठवला. पुढे २०२२ साली तिथे फळांपासून वाइन करणाऱ्या छोट्या उत्पादकांसाठी वेगळे नियमही आले. तिथे आवाज उठला. इथे बरण्या पालथ्या झाल्या.

म्हणून माझ्या मागण्या दोनच आहेत.

एक: आंबवलेलं, न गाळलेलं, घरच्या वापरासाठी केलेलं पेय दारूबंदी कायद्यातून वगळा. मर्यादा घाला. कुटुंबामागे वर्षाला पन्नास लिटर म्हणा. विक्री नाही, अल्पवयीनांना देणं नाही. एका दुरुस्तीचं काम आहे, त्याने तिजोरीचा एक रुपया बुडत नाही.

दोन: ज्यांना नाताळात चार बाटल्या विकायच्या आहेत, त्यांच्यासाठी छोटा, स्वस्त परवाना काढा. घरी पापड-लोणची करून विकणाऱ्या बाईला आज वर्षाला शंभर रुपयांत अन्नसुरक्षेची नोंदणी मिळते. वाइनसाठी तपासणी थोडी जास्त ठेवा, कर घ्या, बाटलीवर टक्केवारी लिहायला लावा. पण परवान्याचा दरवाजा इतका उंच ठेवू नका की त्यातून फक्त कारखाना आत जाईल.

हे करायला उशीर झाला तर काय होईल ते सरळ आहे. कायदा बदलेल तेव्हा करणारं कुणी उरलेलं नसेल. आन्टींची मुलगी कॅनडात आहे. सुनेला वेळ नाही आणि पोलिसाचं नाव काढल्यापासून इच्छाही नाही. मग दहा-पंधरा वर्षांनी एखादी कंपनी 'गिरगाव हेरिटेज' नावाची मनुका वाइन काढेल, लेबलवर लाकडी जिन्याचं चित्र असेल आणि आपण ती बाराशे रुपयांना विकत घेऊ. तेव्हा ती कायदेशीर असेल.

मोरीत बरण्या ओतल्या त्यानंतरच्या वर्षी आन्टींनी वाइन केली नाही. नाताळच्या सकाळी ताट आलं, त्यात बाटली नव्हती. आजी आता नाही, पण आईने मसाल्यांच्या फळीकडे बघितलं आणि काही बोलली नाही. त्या संध्याकाळी मी आन्टींकडे गेलो आणि शिकवा म्हणालो. त्या बराच वेळ नाही-नाही करत राहिल्या. मग आत जाऊन टवका उडालेली बरणी घेऊन आल्या. "डाव कोरडा ठेव," म्हणाल्या, "आणि घाई करू नको."

ती बरणी आता आमच्या खोलीत, आजीच्या पलंगाखाली असते. माझी पहिली वाइन आंबट झाली, दुसरी बरी झाली, आणि तिसरी आन्टींनी दोन घोट घेऊन टेबलावर ठेवली, परत केली नाही. म्हणजे कायद्याने मीही गुन्हेगार झालो आहे आणि हे इथे लिहून कबूलही करतो आहे. ज्या दिवशी कायदा बदलेल, त्या दिवशी हाच लेख पुन्हा लिहीन, आन्टींच्या नावासकट.